कर्कपेशीतील डीएनए-दुरुस्ती कशी मोजतात?

मेंदूतील ग्लायोब्लास्टोमा या गाठीवर शस्त्रक्रिया झाल्यावर काही दिवसांनी रुग्णाच्या नातेवाइकांच्या हाती एक अहवाल येतो. त्यात गाठीच्या प्रकाराबरोबर ‘एमजीएमटी’ ही अक्षरे आणि त्यापुढे ‘मिथायलेटेड’ किंवा ‘अनमिथायलेटेड’ असा शेरा असतो. हा शेरा चांगला की वाईट, हे त्या शब्दांवरून मुळीच कळत नाही. ज्या रुग्णाला आता कित्येक महिने एकाच औषधाच्या कॅप्सूल घ्यायच्या आहेत, त्याच्या गाठीतील पेशी त्या औषधाने झालेली इजा दुरुस्त करू शकतील का, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. मात्र ते थेट उत्तर नव्हे. दुरुस्ती प्रत्यक्ष मोजून दिलेला हा आकडा नसून दुरुस्ती होण्याची शक्यता किती, याचा तो अंदाज आहे. हा फरक नेमका काय आहे आणि प्रत्यक्ष मोजमाप शक्य असताना अंदाजावर का भागवावे लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या प्रत्येक पेशीतील डीएनएला रोज हजारो ठिकाणी इजा होत असते. पाणी, प्राणवायू, शरीराचे तापमान एवढी साधी कारणेही त्याला पुरतात. ही इजा शोधून दुरुस्त करणारी प्रथिने, म्हणजेच विकर किंवा एन्झाइम्स, पेशीत सतत कामावर असतात. या यंत्रणांचा उलगडा केल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि अझीझ सांजार या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुरुस्ती नीट चालली तर कर्करोगाचा धोका कमी राहतो. पण कर्करोग एकदा झाला की पारडे उलटते. किरणोपचार आणि केमोथेरपीतील बरीचशी औषधे कर्कपेशीचा डीएनए बिघडवूनच तिला मारतात. आजवर शरीराचे रक्षण करणारी दुरुस्ती-यंत्रणा अशा वेळी गाठीचे रक्षण करू लागते. म्हणूनच एखाद्या गाठीत कोणते दुरुस्ती-विकर किती कार्यक्षम आहे, याला उपचाराच्या दृष्टीने महत्त्व येते.

एकदाच वापरता येणारे प्रथिन

ग्लायोब्लास्टोमासाठी दिले जाणारे टेमोझोलोमाइड हे औषध १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने तयार केले. ते तोंडाने घेता येते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. शरीरात त्याचे विघटन होऊन एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा ‘मिथिल’ गट मोकळा होतो आणि तो डीएनएच्या अक्षरांवर ठिकठिकाणी जाऊन चिकटतो. यातील बहुतेक जागा पेशीच्या दृष्टीने फारशा धोक्याच्या नसतात. दुसरी विकरे त्यांचा लवकरच बंदोबस्त करतात. घातक जागा एकच. ग्वानिन या अक्षराच्या सहाव्या स्थानावरील ऑक्सिजन अणूवर मिथिल गट बसला की पेशीची पंचाईत होते. एकूण इजेत या जागेचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी असतो. औषधाचा परिणाम मात्र मुख्यत्वे तिच्यावरच अवलंबून असतो.

हे असे का? ग्वानिनची जोडी एरवी सायटोसिनशी जुळते. मिथिल गट लागलेले ग्वानिन मात्र डीएनएची नक्कल होताना थायमिनशी जोडी जमवते. ही चुकीची जोडी पेशीच्या दुसऱ्या एका दुरुस्ती-यंत्रणेच्या नजरेस पडते. ती नव्या साखळीतील थायमिन कापून टाकते, परंतु मूळ साखळीतील बिघडलेल्या ग्वानिनला हात लावत नाही. त्यामुळे रिकाम्या जागी पुन्हा थायमिनच येऊन बसते. पुन्हा कापणे, पुन्हा तीच चूक. या निष्फळ खटाटोपात डीएनएला खंड पडतात आणि पुढच्या पेशीविभाजनाच्या सुमारास पेशी मरते. औषध केवळ ठिणगी टाकते आणि पेशीला तिची स्वतःची दुरुस्तीच मारते, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

एमजीएमटी हे प्रथिन हा सारा प्रकार सुरू होण्यापूर्वीच थांबवते. ते ग्वानिनवरील मिथिल गट उचलून स्वतःवर घेते. आपल्या साखळीतील १४५ व्या स्थानी असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लावर ते हा गट कायमचा चिकटवून घेते. ग्वानिन पूर्ववत होते. प्रथिन मात्र बाद होते आणि पेशी त्याचे विघटन करून टाकते. जिवाणूंमधील अशा प्रथिनाची ही रीत ओल्सन आणि लिंडाल यांनी १९८० मध्ये दाखवून दिली. काटेकोर व्याख्येनुसार याला विकर म्हणावे की नाही, असा प्रश्न तेव्हापासून आहे. कारण खरे विकर काम करूनही शाबूत राहते आणि तेच काम हजारो वेळा करते. एमजीएमटीचा एक रेणू एकच दुरुस्ती करतो.

मोजमापाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. एरवी विकराची कार्यक्षमता वेगात सांगतात: मिनिटाला किती रेणूंवर प्रक्रिया झाली वगैरे. येथे वेगाला दुय्यम स्थान आहे. पेशीत एमजीएमटीचे जेवढे कार्यक्षम रेणू, तेवढीच तिची त्या क्षणीची दुरुस्तीक्षमता. काही कर्कपेशींत हा साठा जवळजवळ शून्य असतो, तर काहींत तो लाखाच्या घरात जातो. साठा संपल्यावर नवे प्रथिन तयार होईपर्यंत पेशी उघडी पडते.

प्रयोगशाळेतील मोजणी

काही मानवी कर्कपेशींना मिथिल गटाची इजा दुरुस्त करताच येत नाही, हे प्रथम एका चतुर प्रयोगातून उघड झाले. १९८० मध्ये रुफस डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विषाणूचा डीएनए मिथिल गट चिकटवणाऱ्या रसायनाने बिघडवला आणि तो विषाणू वेगवेगळ्या कर्कपेशींमध्ये सोडला. विषाणूकडे दुरुस्तीची स्वतःची सोय नव्हती. ती यजमान पेशीनेच करायची होती. काही पेशींत तो वाढला, काहींत वाढू शकला नाही. जेथे वाढला नाही, तेथे दुरुस्ती नाही. पेशी न फोडता तिचे काम तपासण्याची ही युक्ती आजही निरनिराळ्या रूपांत वापरली जाते.

थेट मोजणीची रूढ पद्धत याहून सरळ आहे. गाठीचा तुकडा शस्त्रक्रियेनंतर लगेच गोठवतात. नंतर तो दळून, पेशी फोडून त्यांचा अर्क काढतात आणि अर्कात एकूण प्रथिन किती आहे, हे मोजून ठेवतात. दुसरीकडे डीएनएचा एक साठा तयार ठेवलेला असतो. त्यावर मिथिल गट चिकटवलेले असतात आणि त्या गटांतील हायड्रोजनच्या जागी ट्रिटियम हे किरणोत्सारी समस्थानिक असते. अर्क आणि हा डीएनए शरीराच्या तापमानाला एकत्र ठेवले की अर्कातील एमजीएमटी ते गट स्वतःकडे ओढून घेते. डीएनए मुद्दाम भरपूर ठेवतात, म्हणजे प्रथिनाचा प्रत्येक कार्यक्षम रेणू वापरला जाईल. मग मिश्रणात आम्ल घालून ते तापवतात. डीएनएचे तुकडे होऊन ते विरघळतात, प्रथिन साका होऊन खाली बसते. या साक्यात आलेला किरणोत्सर्ग यंत्रावर मोजला की किती मिथिल गट प्रथिनाकडे गेले, म्हणजेच किती रेणू कार्यक्षम होते, याचा हिशेब लागतो. उत्तर ‘एक मिलिग्रॅम प्रथिनामागे इतके फेम्टोमोल’ असे दिले जाते. फेम्टोमोल हे नाव नाजूक वाटले तरी एका फेम्टोमोलमध्ये सुमारे ६० कोटी रेणू असतात.

हा आकडा विश्वसनीय ठरण्यासाठी सोबत दोन तुलना असाव्याच लागतात. एमजीएमटी मुळीच नसलेल्या पेशींचा अर्क शून्याच्या जवळ आला पाहिजे आणि ते भरपूर असलेल्या पेशींचा अर्क ठरलेल्या पातळीवर. शिवाय अर्काचे प्रमाण दुप्पट केले तर उत्तरही दुप्पट आले पाहिजे. तसे आले नाही तर डीएनए अपुरा पडला किंवा अर्कातच काही बिघाड आहे, असे समजावे. पुढे किरणोत्सारी पदार्थ टाळणारे प्रकारही निघाले. त्यांपैकी एकात डीएनएच्या आखूड तुकड्यावर, एका कापणाऱ्या विकराच्या खुणेच्या जागेतच मिथिल गट बसवलेला असतो. गट जागेवर असेपर्यंत कापणी अडते. एमजीएमटीने तो काढला की तुकडा कापला जातो. कापलेले व न कापलेले तुकडे वेगळे करून मोजले की झाले.

येथे आणखी एका चाचणीचा उल्लेख करायला हवा, कारण डीएनए-दुरुस्ती म्हटले की बऱ्याचदा तिचेच नाव घेतले जाते. ती म्हणजे ‘कॉमेट’ चाचणी. पेशी पातळ जेलमध्ये बसवून विद्युतप्रवाह दिला की खंडित डीएनए केंद्रकातून बाहेर ओढला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धूमकेतूच्या शेपटीसारखा दिसतो. ओस्टलिंग आणि योहानसन यांनी १९८४ मध्ये ती मांडली. आज सर्वाधिक वापरले जाणारे तिचे अल्कलीतील रूप नरेंद्र सिंग व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दिले. इजेनंतर ठरावीक अंतराने शेपूट किती आखूड झाली, हे पाहिले की दुरुस्तीचा वेग कळतो. चाचणी स्वस्त आणि देखणी आहे, पण ती एकूण प्रक्रिया दाखवते, अमुक एका विकराचे काम नव्हे. शिवाय ग्वानिनवर बसलेला मिथिल गट हा काही खंड नव्हे. त्यामुळे टेमोझोलोमाइडची मुख्य इजा या चाचणीला थेट दिसतच नाही.

रुग्णालयात काय मोजतात?

थेट मोजणी इतकी स्वच्छ असताना रुग्णालयाच्या अहवालात फेम्टोमोलचा आकडा का नसतो? पहिली अडचण अगदी घरगुती म्हणावी अशी. गाठीचा तुकडा सर्वसाधारणपणे फॉर्मेलिनमध्ये टाकून मेणाच्या ठोकळ्यात जपतात. सूक्ष्मदर्शकासाठी ते उत्तम. पण फॉर्मेलिनमध्ये प्रथिने एकमेकांना जखडली जातात आणि त्यांचे काम थांबते. तात्काळ गोठवलेला तुकडा सर्वत्र मिळत नाही, किरणोत्सारी पदार्थ हाताळण्याची सोयही सर्वत्र नसते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. गाठीचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्कपेशी नव्हेत. त्यात रक्तवाहिन्या असतात, रक्तातील पांढऱ्या पेशी असतात, मेंदूच्या स्वतःच्या संरक्षक पेशी असतात, मृत भाग असतो. निरोगी पेशींतही एमजीएमटी असते. सगळे एकत्र दळल्यावर आलेला आकडा नेमका कुणाचा, हे सांगता येत नाही. प्रतिपिंडे वापरून प्रथिनाला रंग देण्याच्या पद्धतीलाही हाच दोष लागतो. शिवाय रंग चढला म्हणून प्रथिन कार्यक्षम आहे, असे होत नाही.

म्हणून रुग्णालये प्रथिनाऐवजी त्याच्या जनुकाचे बटण तपासतात. दहाव्या गुणसूत्रावरील एमजीएमटी जनुकाच्या आरंभीच्या भागावर, म्हणजे प्रमोटरवर, पेशीनेच मिथिल गट बसवलेले असतील तर ते जनुक बहुधा बंद राहते आणि प्रथिन तयार होत नाही. डीएनए मेणाच्या ठोकळ्यातही बऱ्यापैकी टिकतो. निरोगी पेशींत हे बटण सहसा बंद नसते, त्यामुळे बंद बटणाची खूण दिसली तर ती गाठीचीच मानता येते.

नातेवाइकांचा गोंधळ होतो तो येथेच. ‘मिथिल’ हा शब्द या कथेत दोनदा येतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचे काम वेगळे आहे. औषधाने चिकटवलेला मिथिल गट ही इजा आहे. प्रमोटरवरील मिथिल गट पेशीने पूर्वीच बसवलेले असतात आणि ते जनुकाला कुलूप घालतात. अहवालातील ‘मिथायलेटेड’ हा शेरा या दुसऱ्या प्रकाराविषयी असतो. कुलूप लागले, प्रथिन नाही, दुरुस्ती नाही, म्हणून औषध लागू पडण्याची शक्यता अधिक. म्हणजे रुग्णाच्या दृष्टीने बातमी तुलनेने बरी.

या बटणाचे महत्त्व २००५ मध्ये ठळकपणे पुढे आले. रॉजर स्टुप यांच्या नेतृत्वाखालील चाचणीत ५७३ रुग्ण होते. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांहून अधिक जगले. किरणोपचारांना टेमोझोलोमाइडची जोड दिलेल्या गटात ही मुदत १४.६ महिने झाली. मोनिका हेगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांपैकी २०६ रुग्णांच्या गाठींतील प्रमोटर तपासला. ४५ टक्के गाठींत बटण बंद होते. या रुग्णांमध्ये औषधासह २१.७ महिने आणि औषधाविना १५.३ महिने, असा फरक पडला. बटण चालू असलेल्यांत मात्र १२.७ विरुद्ध ११.८ महिने, म्हणजे जेमतेम महिन्याभराचे अंतर. पहिल्या आकड्यांतील अडीच महिन्यांचा लाभ सर्वांच्या वाट्याला सारखा येत नव्हता, हे यातून दिसले. तरीही बटण चालू असताना औषध घेतलेल्यांपैकी १३.८ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. या संख्येकडे पाहिले तर औषध सरसकट नाकारण्याचे धाडस डॉक्टर का करत नाहीत, ते कळते.

वृद्ध रुग्णांच्या बाबतीत मात्र हा शेरा प्रत्यक्ष निर्णय फिरवू लागला. २०१२ मध्ये जर्मनी-स्वित्झर्लंडमधील आणि नॉर्डिक देशांच्या पुढाकाराने झालेली, अशा दोन चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही उपचार सोसण्याची ताकद नसलेल्या वृद्धांमध्ये बटण बंद असेल तर नुसते टेमोझोलोमाइड आणि चालू असेल तर नुसते किरणोपचार, ही निवड त्यामुळे अधिक आधाराने करता येते.

अंदाज कोठे चुकतो?

बटण बंद की चालू, हा प्रश्न वाटतो तितका दोन टोकांचा नाही. प्रमोटरवर मिथिल गट बसू शकतील अशा जागा अनेक असतात; कोणत्या जागा तपासायच्या आणि किती टक्क्यांच्या वर ‘मिथायलेटेड’ म्हणायचे, यावर प्रयोगशाळांचे पूर्ण एकमत नाही. एका पद्धतीने उत्तर हो-नाही असे येते, दुसऱ्या पद्धतीने टक्केवारीत. मधल्या पट्ट्यातील गाठीला एका ठिकाणी एक शेरा आणि दुसरीकडे दुसरा मिळू शकतो. म्हणून अहवालात पद्धत आणि मर्यादा-रेषा नमूद असणे आवश्यक आहे. नसल्यास विचारून घेण्यास संकोच करू नये. शिवाय काही गाठींत बटण चालू असूनही प्रथिन अल्पच असते, काहींत याच्या उलट.

एमजीएमटीचा साठाच संपवून टाकावा, असाही प्रयत्न झाला. ओ-सिक्स-बेंझिलग्वानिन हे द्रव्य मिथिलधारी ग्वानिनची बतावणी करते आणि एमजीएमटीचे रेणू बाद करते. शस्त्रक्रियेआधी ते देऊन, काढलेल्या गाठीत एमजीएमटीची कार्यक्षमता किती उरली हे थेट मोजले गेले आणि त्यावरून मात्रा ठरवण्यात आली. गाठीतील मोजमापाने उपचाराची दिशा ठरवण्याचे हे एक उत्तम उदाहरण. पण अस्थिमज्जेतील पेशींचे रक्षणही त्याच प्रथिनाकडे असल्याने रक्तपेशी घटू लागल्या, टेमोझोलोमाइडची मात्रा कमी करावी लागली आणि लाभ हाती आला नाही. दुसरा मार्ग म्हणजे टेमोझोलोमाइडच अधिक दिवस देऊन साठा आटवणे. रुग्णांच्या रक्तपेशींत एमजीएमटीची कार्यक्षमता त्यामुळे खरोखरच घटलेली आढळली होती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८३३ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र अधिक दिवस औषध दिल्याने आयुष्य वाढले नाही. रक्तात मोजलेले गाठीला लागू पडेलच असे नाही, हा धडा बराच महागात पडला.

गाठ उलटल्यावर चित्र आणखी बदलते. चुकीची जोडी पाहून खटाटोप करणारी जी दुसरी यंत्रणा औषधाचा परिणाम घडवते, तीच काही गाठींत उपचारादरम्यान निकामी होते. मग एमजीएमटीचे बटण बंदच असते, अहवाल पूर्वीसारखाच येतो, आणि तरीही औषध चालत नाही. पेशी इजा दुरुस्त करत नाही, पण तिच्यामुळे मरतही नाही. नक्कल होताना चुका मात्र साचत जातात. एका प्रथिनाच्या मोजमापावरून संपूर्ण यंत्रणेविषयी बोलण्याची मर्यादा ती हीच.

स्तन आणि अंडाशयाच्या कर्करोगातही हाच पेच वेगळ्या रूपात आहे. बीआरसीए जनुके निकामी झालेल्या पेशींना डीएनएच्या दोन्ही साखळ्यांना पडलेला खंड अचूक सांधता येत नाही आणि पार्प या विकराला रोखणारी औषधे त्यांना घातक ठरतात, हे २००५ मध्ये दोन गटांनी दाखवून दिले. त्यातून आलेल्या ओलापरिब या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. कोणत्या गाठीत हा दोष आहे, हे ठरवण्यासाठी बहुधा गुणसूत्रांवरील जुने व्रण मोजतात: तुटलेले, हरवलेले, अदलाबदल झालेले भाग. पण व्रण पुसले जात नाहीत. बीआरसीएमधील बिघाड पुढे दुसऱ्या उत्परिवर्तनाने दुरुस्त झाला आणि पेशीची क्षमता परत आली, तरी व्रणांची मोजणी जुनेच उत्तर देत राहते. याला पर्याय म्हणून आरएडी-५१ या प्रथिनाचे ठिपके मोजण्याची पद्धत पुढे येत आहे. खंड सांधण्याचे काम खरोखर चालू असेल तर हे प्रथिन त्या जागी गोळा होते आणि रंगवल्यावर केंद्रकात ठिपके दिसतात. ही सांधणी नक्कल चालू असलेल्या पेशींतच होत असल्याने तशा पेशी जेमिनिन या दुसऱ्या प्रथिनावरून ओळखून त्यांच्यातीलच ठिपके मोजतात. मेणाच्या ठोकळ्यावरही हे करता येते, हा त्याचा मोठा फायदा. क्षमता पूर्वी कधी हरवली होती का, यापेक्षा ती आज आहे का, याकडे ही मोजणी पाहते.

ग्लायोब्लास्टोमात मात्र अजून बटणाच्या अहवालावरच भिस्त आहे. बटण चालू असलेल्या रुग्णांना टेमोझोलोमाइडऐवजी रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारे निव्होल्युमॅब किरणोपचारांसोबत देऊन पाहण्यात आले. त्या चाचणीत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांत निम्मे रुग्ण १४.९ महिन्यांहून अधिक जगले. निव्होल्युमॅब घेतलेल्यांत ही मुदत १३.४ महिने होती. ज्यांच्या अहवालात ‘अनमिथायलेटेड’ लिहिलेले असते, त्यांनाही बहुतेक ठिकाणी त्याच कॅप्सूल दिल्या जातात, त्या यामुळेच.